मुठीएवढे देव

ठाण्याला राहतो असे सांगितले की समोरचा माणूस मोठ्या आपुलकीने तलावपाळीची, गडकरी रंगायतनाची, झालेच तर मिसळीची चौकशी करतो. ‘पण आम्ही कोपरीला असतो’ असे पुढे म्हटले, की त्याचा उत्साह जरा ओसरतो. ‘अस्सं! म्हणजे त्या बाजूला!’ असे म्हणून तो दुसरा विषय काढतो.

‘त्या बाजूला’ या शब्दांत अर्थ पुष्कळ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी एकवीस मैलांची मजल मारून ठाण्यास पोहोचली, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या रुळांनी ठाण्याचे दोन तुकडे केले, हे मात्र त्यांच्या पुस्तकात नसते. पश्चिमेला बाजारपेठ, तलाव, कोपिनेश्वराचे देऊळ, कचेऱ्या, नाट्यगृह. पूर्वेला एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या पट्टीत आम्ही. चेंदणीचा कोळीवाडा, मीठबंदराचा रस्ता, फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची वसाहत, आणि मागाहून कारखान्यांत पोट भरायला आलेली घाटावरची व कोकणातली आमच्यासारखी मंडळी. कोपरीत पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले तर मी इतकी वर्षे गप्पच बसत असे.

पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी कोपरीत एक प्रवास केला. तिकीट लागले नाही, वळकटी बांधावी लागली नाही. दोन शेजारघरे, एक सोनाराचे दुकान आणि शेवटी आमचेच घर, एवढाच तो प्रवास. पाहिले तेही फक्त देव्हारे. आणि परत आलो तेव्हा ज्या घरात पंचेचाळीस वर्षे वाढलो ते घर मला ठाऊकच नव्हते, असे ध्यानात आले. त्याची ही हकीकत आहे.

निमित्त झाले ते आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे. इमारत पन्नाशीला आलेली. गच्ची गळू लागली होती, जिन्याखालच्या खांबांच्या सळया बाहेर डोकावत होत्या. सभा झाल्या, सह्या झाल्या, आणि एके दिवशी विकासकाकडचा एक तरुण नव्या घराचा गुळगुळीत नकाशा घेऊन आमच्याकडे आला. पोरगा मोठा गोड बोलणारा होता. हॉल कुठे, स्वयंपाकघर कुठे, कपडे वाळत घालायची जागा कुठे, सगळे त्याने बोटाने दाखवले. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने विचारले,

“आणि देव कुठं बसणार?”

पोराने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, “आजी, इथं वॉशिंग मशीनच्या वर आपण छान शेल्फ देऊ.”

“मशीन थरथरतं का रे?”

“थोडंसं.”

“मग नको. आमचा बाळकृष्ण आधीच रांगता आहे. पडायचा एखादे दिवशी.”

सगळे हसले. आई हसली नाही.

आईच्या डोळ्यांची दृष्टी काचबिंदूने गेली, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. गेलेली नजर या आजारात परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्टच सांगितले होते. हळूहळू आईने स्वयंपाकघर सोडले, वर्तमानपत्र सोडले, एकटीने जिना उतरणे सोडले. देवपूजा मात्र सोडली नाही. दरवर्षी दिवाळीआधी देव उजळण्याचे कामही तिने कुणाला दिले नाही.

गेल्या वर्षीच्या वसुबारसेला ती अशीच तामण पुढ्यात घेऊन बसली. त्या घरातली ती शेवटची दिवाळी. पितळेच्या देवांना चिंच, चांदीच्या टाकांना बारीक रांगोळी, पुसायला वडिलांच्या जुन्या धोतराचे फडके. बाजारात देव चकचकीत करणारी पावडर मिळते, आणि ती करणारी कंपनी आमच्या ठाण्याचीच आहे, पण आईचा विश्वास चिंचेवर. मला सुट्टी होती. मी सहज शेजारी बसलो आणि तिच्या बोटांकडे पाहू लागलो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रतीक म्हणजे काय, हा प्रश्न दरवर्षी एखाद्या वर्गात येतोच, आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तींचे उदाहरण मी हमखास देतो. गणपतीचे सुपासारखे कान म्हणजे ऐकून पाखडून घेणे, वगैरे. मुले ते टिपून घेतात. पण त्या दिवशी आईचा अंगठा जे वाचत होता ते माझ्या टिपणांत नव्हते.

“हा गणपती,” ती म्हणाली, “सोंड डावीकडं. उजवीकडं असती तर सोवळंओवळं फार झालं असतं बाई, मला जमलं नसतं.” तिने त्याला पालथा करून पाठ घासली. मग अन्नपूर्णा हाती आली. आमच्या अन्नपूर्णेची पळी ओळखावी लागते, इतकी ती बारीक आहे. ही आईबरोबर तिच्या माहेराहून आली. लग्नमुहूर्ताच्या आधी नवरीला गौरीहरापाशी बसवतात, तिथे जिची पूजा करायची तीच ही. सासरी आल्यावर वाटीत तांदूळ घालून त्यावर हिला बसवायचे, की घरातले धान्य सरत नाही. “लग्नात मी एकोणीस वर्षांची होते,” आई म्हणाली, “मुहूर्ताला उशीर झाला आणि मला भूक लागली होती. हिच्या हातात पळी आणि माझ्या पोटात कावळे!”

बाळकृष्णही माहेरचा. एक हात जमिनीला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर. मोठ्या देवळांतले देव भक्ताकडे समोर बघतात, नाही तर थोडे खाली बघतात. हा एकटा वर बघतो, कारण रांगणारे मूल आईकडे वरच बघणार. घरात बारसे असले की पाळण्यात आधी याला घालतात. मला घालण्याआधी यालाच घातले होते. त्याच्या नाकाचा शेंडा माझ्या आठवणीपासूनच झिजलेला आहे.

मग नर्मदेतला बाण. हा कुणी घडवलेला नाही. नदीने दगडाला दगड घासून गुळगुळीत केलेला, म्हणून याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही. हीच गोष्ट शाळिग्रामाची. नेपाळातल्या काळ्या गंडकीत सापडणारा हा काळा दगड फोडला तर आत चक्र दिसते. भूगर्भशास्त्र सांगते, की ते चक्र म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या एका प्राण्याचे शंखासारखे कवच. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्र होता. आमच्याकडे शाळिग्राम नाही. असता तर आईला हे सांगितले असते आणि ती म्हणाली असती, “म्हणजे जुनाच आहे की!”

शेवटी टाक निघाले. ज्यांच्याकडे टाक नसतात त्यांच्यासाठी सांगतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली, दोन बोटे रुंदीची देवाची आकृती म्हणजे टाक. देशावरच्या पुष्कळ घराण्यांचे कुलदैवत असे टाकाच्या रूपात घरात असते. नवरात्रात टाक विड्याच्या पानावर बसतात, आणि देव एकदा घटी बसले की नऊ दिवस त्यांना हलवायचे नाही.

आमचे टाक तीन. “खंडोबा,” आईचा अंगठा घोड्याच्या पायावरून फिरला, “ही मागं म्हाळसा, हा खाली कुत्रा.” दुसरी भवानी. तिचे आठ हात आईने फणीच्या दात्यांसारखे मोजले. तिसऱ्यावर मात्र अंगठा नुसताच फिरत राहिला. त्यावर काहीच उरलेले नव्हते. चलनातून गेलेल्या जुन्या नाण्यासारखा तो टाक सपाट झाला होता. एका कडेला चांदी मागच्या तांब्यापासून सुटली होती.

“ही यमाई ना?” मी म्हणालो. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशाच्या तोंडाशी. औंधची यमाई त्या मुलखाची देवी. तेव्हा हा टाक तिचाच असणार, असे मी फार वर्षांपूर्वी ठरवून टाकले होते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी तसे सांगतही असे, आणि एका व्याख्यानात तर मी तिचा उल्लेखसुद्धा केला होता.

आई काही बोलली नाही.

“नव्या घरात जाण्याआधी हा टाक नवा करून घेऊ,” मी म्हणालो. “चेहराच राहिला नाही.”

“बघू,” आई म्हणाली. “आधी दोन घरी सांगून ये, आपण जागा सोडतोय म्हणून. मला जिना उतरवत नाही.”

तेव्हा पहिला मुक्काम कोळीवाड्यात. तिथल्या मावशी आईच्या मानलेल्या बहीण. चाळीस वर्षे त्या दारावर टोपली घेऊन येत, आणि आमच्याकडे मासे खात नसूनही घटकाभर टेकल्याशिवाय पुढे जात नसत. त्यांच्या घरात शिरल्याबरोबर समोर देव्हारा. खंडोबा आमच्यासारखाच, घोड्यावरचा. शेजारी एकवीरा. कार्ल्याच्या लेण्यांच्या तोंडाशी तिचे देऊळ आहे, आणि चैत्रातल्या यात्रेला चेंदणीहून पालखी जाते. आगगाडी नव्हती तेव्हाही ही मंडळी घाट चढून जात असली पाहिजेत. मी त्यांना विचारले, की तुमचे घर पाडायची वेळ आली तर देव कुठे नेणार? मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की शिकूनसवरून हा एवढाच झाला! त्या म्हणाल्या, की आमचे देव खाडीकडे तोंड करून बसले आहेत, घराचे तोंड कुठेही होवो, देवाचे तिकडेच राहील. नवऱ्याची होडी बाहेर असे तेव्हा त्या रात्री उठून देव जागे आहेत ना, ते पाहत. आता होडी राहिली नाही, खाडीत मासळी राहिली नाही, पण उठण्याची सवय तशीच आहे.

दुसरा मुक्काम आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. तिथले सिंधी काका पंचाहत्तरीचे. जन्म इकडचा, पण त्यांचे वडील कराचीहून बोटीने मुंबईस उतरलेले. काकांच्या भिंतीवर झुलेलालची एक तसबीर आहे. पांढरी दाढी, हातात ग्रंथ, कमळावर बसलेला देव, आणि ते कमळ एका मोठ्या माशाच्या पाठीवर. सिंधू नदीचा हा देव. तिकडे मुसलमान नाविकही त्याला जिंदा पीर म्हणून मानत आले. काकांनी खुर्चीवर चढून तसबीर खाली काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. काच नवी होती, चित्र जुने. पाण्याचा डाग खालच्या माशापर्यंत चढलेला.

“बोटीत वडिलांनी ही सदऱ्याच्या आत, छातीशी धरली होती,” काका म्हणाले. “मोठी ट्रंक बंदरावर राहिली. तिच्यात काय काय होतं ते माझी आई मरेपर्यंत मोजत होती. ही तसबीर मात्र आली.”

“पण काका, हा तर नदीचा देव. नदी तिकडेच राहिली.”

“राहिली ना! म्हणून काय झालं? इथं खाडी आहे. चेटीचंडला कणकेचा दिवा लावतो, पाण्याला हात जोडतो. पाणी कुठलं, ते तो विचारत नाही.”

तसबीर परत टांगताना मी पाहिले, शेजारी गुरू नानक, खाली शिर्डीचे साईबाबा, आणि कोपऱ्यात एक छोटा पितळी गणपती. “हा कोपरीत आल्यावर मिळाला,” काका म्हणाले. जणू शेजारी मिळावा तसा तो मिळाला होता.

त्या रात्री झोप येईना. उठून पुस्तके चाळत बसलो. घरात पुजायची मूर्ती केवढी असावी, याचे माप मत्स्यपुराणात दिले आहे. अंगठ्याच्या पेराएवढीपासून फार तर वीतभर, याहून मोठी मूर्ती घरात नको. याचे कारण मी वर्गात सांगत आलो ते असे, की मोठ्या मूर्तीचे उपचार संसारी माणसाला झेपत नाहीत. ते खरेच आहे. पण काकांची तसबीर हातात धरल्यापासून मला दुसरेच काही सुचत होते. घरातला देव असा हवा, की घर सोडायची वेळ आली तर तो मुठीत, पदरात, सदऱ्याच्या आत मावला पाहिजे.

घर सोडायची वेळ तर सगळ्यांवर आली आहे. १५६० साली पोर्तुगीज अमलातल्या कुठ्ठाळीहून मंगेशाला भक्तांनी नदीपार अंत्रुजात नेले आणि मग प्रियोळला त्याचे आजचे देऊळ उभे राहिले. पंढरीच्या विठोबाचीही कथा तशीच आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने (राज्यकाल १५०९ ते १५२९) विठ्ठलाला आपल्या राजधानीत नेले आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी त्याला परत आणले, असे वारकरी सांगतात. एवढा मोठा देव एकट्या माणसाने आणला कसा? तर भानुदासांसाठी देव लहान झाला आणि त्यांच्या पडशीत बसला. इतिहासकारांना या कथेत शंका काढता येतील. पण ज्याने ती पहिल्यांदा सांगितली त्याने स्वतः कधी तरी घर सोडले असले पाहिजे, याबद्दल मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, मी तिसरा टाक खिशात घालून पुलावरून पश्चिमेला गेलो. बाजारपेठेत एका बोळात जुने सोनार आहेत. गर्दी होती, तरी त्यांनी मला बसवून घेतले. टाक कसा करतात तेही दाखवले. ठशावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकायचा, आकृती उठली की कडा कातरायच्या आणि मागे तांब्याचा पत्रा बसवायचा. जुना टाक टाकून देत नाहीत. तो आटवून तीच चांदी नव्यात घालतात, म्हणजे देव तोच राहतो. मग नवा टाक कुलदैवताच्या भेटीला न्यायचा.

“यमाईचा ठसा आहे का?” मी विचारले.

त्यांनी डोळ्याला भिंग लावले, टाक उजेडात तिरका धरला आणि बराच वेळ पाहिला.

“हा देवीचा टाक नाही, साहेब.”

“म्हणजे?”

“देवीला हात जास्त असतात. हातांत काही तरी असतं, त्रिशूळ म्हणा, तलवार म्हणा. घासला तरी त्याचा उंचवटा कडेला राहतो. इथं दोनच हात, आणि तेही खाली सोडलेले. ही साधी उभी बाई आहे. नऊवारीच्या निऱ्यांची रेघ दिसते बघा, पायापाशी.” त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. रेघ होती. “जुन्या घरांत असतो असा टाक. ही कुणाची तरी सवाष्ण आहे. ठसा काय, सगळ्या बायांना एकच असायचा. तुम्ही घरी विचारा, मग बघू.”

पूल उतरून घरी कसा आलो ते मला आठवत नाही. आई देव्हाऱ्यापाशी पणत्यांच्या वाती करत बसली होती. मी टाक तिच्या तळहातावर ठेवला.

“आई, ही कोण?”

अंगठा त्या सपाट चांदीवरून एकदा फिरला.

“थोरली,” आई म्हणाली.

माझ्या आजोबांचे पहिले लग्न झाले होते, हे मला ठाऊक नव्हते. पहिली बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळही गेले. सोळा-सतरा वर्षांची असेल. वर्षाच्या आत आजोबांचे दुसरे लग्न झाले, ती माझी आजी. पूर्वी अशी चाल होती, की दुसरीने पहिलीचा टाक करून पुजावा. भीतीने म्हणा, कृतज्ञतेने म्हणा. आजी रोज सकाळी सगळ्या देवांच्या आधी या टाकाला कुंकू लावत असे.

“नाव काय होतं तिचं?”

“मीही विचारलं होतं सासूबाईंना. त्या म्हणाल्या, तिचं माहेरचं नाव मला कुणी सांगितलं नाही. सासरी जे ठेवलं होतं तेच माझंही ठेवलं.”

मी गप्प राहिलो. आई वात वळत बोलत होती.

“बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, जनावरं गेली. तुझे वडील थोरले, म्हणून पोट भरायला ते ठाण्याला निघाले. निघताना सासूबाईंनी सगळे देव फडक्यात बांधून त्यांच्याजवळ दिले. पुढं मी लग्न होऊन या घरात आले आणि त्या पहिल्यांदा इथं आल्या, तेव्हा मला जवळ बसवून म्हणाल्या, बाकीच्या देवांची मला काळजी नाही. खंडोबा जेजुरीला आहे, भवानी तुळजापूरला आहे, तुम्ही विसरलात तरी त्यांचं काही अडत नाही. हिला मात्र या देव्हाऱ्याशिवाय दुसरं घर नाही. हिला पहिलं कुंकू लाव.”

“मग मला का नाही सांगितलंस कधी?”

“तू विचारलं नाहीस. तू लोकांना यमाई म्हणून सांगत होतास. मला वाटलं, पुस्तकात काही असेल.”

ती हे टोचून बोलली नाही, आणि म्हणून ते जास्त टोचले. पंचेचाळीस वर्षे एकाच छपराखाली राहून मी माझ्या घरातल्या एका माणसाला देवी म्हणून नमस्कार केला आणि माणूस म्हणून एकदाही विचारले नाही. मी वर्गात सांगत आलो, की प्रतीक म्हणजे पलीकडच्या मोठ्या अर्थाकडे दाखवणारे बोट. या टाकाच्या पलीकडे मोठे असे काही नव्हते. ना फोटो, ना पत्र, ना नाव. जगात तिची म्हणून राहिलेली वस्तू हीच, आणि तिच्यावरचा चेहरासुद्धा तिचा नव्हता, ठशाचा होता. तोही दोन बायकांच्या अंगठ्यांनी पुसून नेला होता. आजीने चाळीस-पन्नास वर्षे पुसला, आईने पन्नास वर्षे. उद्या मी त्या जागी यमाई बसवून आणली असती, तर घरात कुणाला चुकचुकल्यासारखेही वाटले नसते. आईला वाटले असते, पण ती बोलली नसती.

“सोनार म्हणतात, फार दिवस टिकणार नाही. कड सुटली आहे,” मी म्हणालो.

“मागचं तांबं नवं लाव. पुढून हात लावू नकोस.”

“आणि चिरला तर?”

“चिरला तर आटवा. चांदी तीच ठेवा म्हणजे झालं. मी काय जन्माला पुरणार आहे का?” मग जरा थांबून ती म्हणाली, “मला चेहऱ्याचं काही नाही रे. मला कुठं दिसतोय? पण ही कोण आहे ते घरात कुणाला तरी ठाऊक पाहिजे. छोटीला हाक मार.”

छोटी म्हणजे माझी मुलगी. ती तेव्हा दहावीत होती आणि परीक्षेच्या नावाखाली घरातल्या सगळ्या कामांतून सुटलेली. ती आली आणि आजीजवळ बसली. आई तिला सगळे पहिल्यापासून सांगू लागली. मी आणि सौ. दाराशी उभे होतो. सौ. बँकेत काम करते. देव्हाऱ्याकडे पाहायला तिला सकाळी दोन मिनिटे मिळतात, आणि त्याबद्दल तिच्या मनात नेहमी थोडी टोचणी आणि थोडा राग असतो. बायकांच्या डोक्यावर ही आणखी एक जबाबदारी कशाला, असे ती म्हणते, आणि ते मला पटतेही. पण त्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला, “त्या बाळाचं काही केलं होतं का?” आईने मान हलवली. बाळाचा टाक कुणी करत नसे.

चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरली आणि त्यानंतर आम्ही घर सोडले. भाड्याची जागा कोपरीतच पाहिली, कारण आई रूळ ओलांडायला तयार नव्हती. सामान टेंपोतून गेले. देव मात्र टेंपोत द्यायचे नाहीत, असे आईने बजावले होते. तिने सगळ्यांना एका नव्या खणात बांधले आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. सबंध देव्हारा, तीन पिढ्यांचा, एका ओंजळीएवढ्या गाठोड्यात. वाटेत तिची बोटे कापडावरून फिरत होती. मला कळले, ती मोजत होती.

नव्या जागेत देवघर नव्हतेच. मी माझ्या पुस्तकांच्या कपाटातला मधला खण रिकामा केला. शब्दकोशाचे खंड खाली जमिनीवर गेले आणि तिथे देव बसले. तळमजल्यावरच्या काकांनी जवळच्याच गल्लीत जागा घेतली आहे. त्यांच्या सुनेने तसबिरीसाठी खिळा ठोकायची परवानगी घरमालकाकडे मागितली, तेव्हा तो आधी नाही म्हणाला आणि तसबीर पाहिल्यावर हो म्हणाला, असे ऐकले.

आमच्या जुन्या इमारतीच्या जागी आता खड्डा आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. नवे घर मिळायला तीन वर्षे लागतील असे म्हणतात. नकाशा मी पुन्हा एकदा मागून घेतला आणि पूर्वेच्या भिंतीवर पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढून दिला.

परवा यंदाच्या दिवाळीसाठी देव उजळले. आईचे हात आता थरथरतात, म्हणून चिंचेचे काम छोटीने केले. टाकांना तिने रांगोळी हलक्या हाताने लावली. सगळे पुसून मांडून झाल्यावर तिने कुंकवाची कोयरी उघडली आणि विचारले,

“आजी, पहिलं थोरलीला ना?”

“थोरलीला,” आई म्हणाली.

कड पाहून, नीट धरून, तिने त्या कोऱ्या चांदीवर बोट टेकवले. कुंकू जरा जास्तच लागले.